कणकुंबीचा झरा ते सौंदत्तीचा डोंगर : वाटेवरचं पाणी पिण्याजोगं कसं करावं

मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ उगम पावते तेव्हा ओंजळीत मावेल एवढीच असते. तीच नदी खानापूर, एम. के. हुबळी करत सौंदत्तीला येते, नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि पुढे कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते. नदी एकच, पण कणकुंबीत तिचं पाणी पिण्याजोगं करायला जे पुरतं ते सौंदत्तीच्या खालच्या अंगाला पुरत नाही. वरच्या रानात भीती जंतूंची: गुरांचं शेण, रानातली जनावरं, आंघोळ करणारी माणसं. खालच्या काळ्या रानात आणि ऊसपट्ट्यात जंतू आहेतच, शिवाय खत, तणनाशक, गावाचं सांडपाणी आणि बोअरमधले क्षार.

म्हणून ‘पाणी उकळून प्या’ हा एकच सल्ला सगळ्या बेळगाव जिल्ह्याला लागू होत नाही. उकळल्यानं जंतू मरतात. क्षार, नायट्रेट, फवारणीचं औषध जागच्या जागी राहतं, आणि पाणी आटलं की त्यांचं प्रमाण थोडं वाढतंच. कुठल्या पाण्यात काय आहे हे आधी ओळखायचं आणि मग उपाय ठरवायचा.

शिवजयंतीला भर वैशाखात गडावरून ज्योत घेऊन धावणारी मुलं, सौंदत्तीच्या यल्लम्माला चालत किंवा बैलगाडीनं जाणारी कुटुंबं, पंढरीची पायी दिंडी, जांबोटी-चोर्ल्याच्या रानात फिरणारे, ऊसतोडीच्या फडावर राहणाऱ्या टोळ्या, या सगळ्यांना घराबाहेर पाणी प्यावं लागतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी पाणी निवडा

शुद्ध करण्याची अर्धी मेहनत चांगलं पाणी निवडण्यातच वाचते. गावातला चालू नळ किंवा शुद्ध पाण्याचं केंद्र जवळ असेल तर ओढ्याकडे वळूच नका. पूर्वेकडच्या तालुक्यांत विचारायचं झालं तर ‘कुडियुव नीरु एल्लि सिगुत्तदे?’ म्हणजे पिण्याचं पाणी कुठं मिळेल, आणि ‘ई नीरु कुडियबहुदा?’ म्हणजे हे पाणी प्यायला चालेल का, एवढी दोन वाक्यं पाठ करून ठेवा. पाटीवर ‘कुडियलु योग्यवल्ल’ असं लिहिलेलं असेल तर ते पाणी पिण्यालायक नाही. कन्नड अक्षरं वाचता येत नसतील तर कुणाला तरी वाचायला सांगा, अंदाज करू नका.

नळानंतर हापसा. त्याचा कट्टा बघा. कट्ट्याला तडा गेलेला असेल, बाजूला सांडपाण्याचं डबकं असेल, गुरं तिथंच बांधलेली असतील, तर वरचं घाण पाणी पाइपाच्या कडेनं खाली झिरपतं. कट्टा धड असेल तर आधी वीस-पंचवीस वेळा हापसून पाणी सोडून द्या आणि मग भरा. सोडलेलं पाणी गुरांच्या डोणीत जाऊ दे, वाया जात नाही.

विहिरीला कठडा हवा आणि पोहरा एकच, दोरीला कायम बांधलेला. ज्या विहिरीत पायऱ्यांनी उतरून घागर बुडवतात तिथं प्रत्येकाच्या पायाची घाण पाण्यात जाते. नारूचा रोग असाच पसरत होता. उतरणाऱ्याच्या पायातल्या फोडातून नारूच्या अळ्या पाण्यात पडायच्या, बारीक जलपिसवांच्या पोटात जायच्या आणि न गाळता पाणी पिणाऱ्याच्या अंगात वाढायच्या. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्यात कपड्यानं पाणी गाळण्याच्या सवयीचा आणि पायविहिरी बंद करण्याचा मोठा वाटा आहे.

झऱ्याचं पाणी कुंडातून नाही, दगडातून जिथं बाहेर पडतं तिथून घ्या. कुंडात लोक पाय धुतात, गुरं तोंड घालतात. धार बारीक असेल तर फणसाचं किंवा सागाचं पान दुमडून भेगेत खोचा, पन्हाळ तयार होते आणि बाटली तळाशी न टेकवता भरता येते. कण्हेर, रुई असल्या विषारी चिकाच्या झाडांचं पान वापरू नका. भीमगडच्या बाजूला पहाटे आणि तिन्हीसांजेला पाणवठ्यावर गवे, अस्वलं येतात, तेव्हा पाणी दिवसा उजेडी भरून घ्यावं. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नये हे वेगळं सांगायला नको.

ओढ्याचं पाणी घेताना प्रवाहाच्या वरच्या अंगाला शे-दोनशे पावलं चालून या. धुण्याचे दगड, गोठा, मेलेलं जनावर, शेताचा बांध फोडून येणारं पाणी यांतलं काही दिसलं तर आणखी वर जा किंवा दुसरा ओढा बघा. वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं हा समज अनेकांना नडलेला आहे. शंभर फुटांवर शेण पडलं असेल तर वाहतं पाणी ते तुमच्यापर्यंत लवकर आणतं, एवढाच फरक.

महिपाळगड, पारगडसारख्या गडांवर जाताना टाक्यांच्या भरवशावर रिकाम्या बाटल्या घेऊन चढू नका. टाक्याचं पाणी साठलेलं असतं. त्यात माकडं, पक्षी आणि माणसं सगळ्यांचंच काहीतरी पडतं. उन्हाळ्यात चालताना माणसाला तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, या हिशोबानं खालूनच भरून न्या. टाकं वापरावंच लागलं तर रंग बघा. दगडाला चिकटलेलं तंतुमय शेवाळ फारसं घाबरण्यासारखं नसतं. पण पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा दाट तवंग असेल, मातकट कुबट वास येत असेल, तर ते पाणी सोडून द्या. त्या निळ्या-हिरव्या शैवालाचं विष उकळल्यानंही जात नाही आणि क्लोरीननंही भरवशानं जात नाही.

काही पाणी कुठल्याही परिस्थितीत प्यायचं नाही: भाताच्या खाचरातलं, उसाच्या सरीतलं, कारखान्याच्या नाल्याचं, फवारणीचा पंप धुतलेल्या पाटाचं. काजूच्या बागेत मोहोराच्या दिवसांत फवारणी होते, तेव्हा बागेतल्या डबक्याचं पाणीही नको. आणि ठिबकच्या नळीला तोंड लावू नका. ऊसपट्ट्यात व्हेंचुरीतून, म्हणजे खत ओढून पाण्यात मिसळणाऱ्या जोडणीतून, त्याच नळीत युरिया आणि औषधं सोडतात. पाणी स्वच्छ दिसतं, चवीलाही फारसं कळत नाही. शेतात माणूस असेल तर विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपातून, खताच्या टाकीच्या अलीकडून पाणी मागून घ्या.

गाळणं आणि निवळणं

गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं, फिल्टर तुंबतो, ऊन आत शिरत नाही. त्यामुळे पाणी निवळल्याशिवाय पुढच्या पायरीकडे जाऊ नका. परीक्षा सोपी आहे. एक लिटरची पारदर्शक बाटली भरून वर्तमानपत्रावर उभी ठेवा आणि तोंडातून सरळ खाली बघा. तळाखालची मथळ्याची अक्षरं वाचता आली तर पुढे जा. नाही वाचता आली तर आधी निवळवा.

गाळायला जुनं, खूप धुतलेलं सुती लुगडं सगळ्यात चांगलं. वापरून वापरून धागे फुलतात आणि विणीतली भोकं बारीक होतात. नवं कापड तेवढं गाळत नाही, नायलॉन तर नाहीच. आठ पदर करून भांड्याच्या तोंडाला बांधा. बांगलादेशातल्या खेड्यांत असं आठ पदरी साडीनं गाळल्यावर कॉलऱ्याचे रुग्ण जवळपास निम्म्यानं घटले, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जलपिसवांना चिकटून असतात, त्या पिसवा कपड्यात अडकतात. सुटे जंतू मात्र कपड्यातून आरामात जातात, म्हणून नुसतं गाळून पिऊ नका. कपड्याच्या एका कोपऱ्याला गाठ मारून ठेवा आणि तीच बाजू नेहमी वर ठेवा. उलटी बाजू वर आली तर अडकलेली घाण तुम्हीच पाण्यात सोडता. वापरून झाल्यावर कपडा चांगल्या पाण्यानं खळबळून कडक उन्हात वाळवा.

खानापूरच्या जांभ्या मातीचं तांबडं पाणी पावसाळ्यात रात्रभर ठेवलं तरी निवळत नाही, माती फारच बारीक असते. तिथं तुरटी लागते. वीस लिटरच्या कळशीला अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे तुरटीचा खडा पाण्यात चार-पाच वेळा फिरवला की पुरे. मिनिटभर जोरात ढवळा, मग पाच मिनिटं अगदी सावकाश, म्हणजे बारीक कणांचे गोळे बनायला वेळ मिळतो. नंतर अर्धा ते एक तास हलवू नका. वरचं निवळ पाणी हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात ओता आणि तळाचं चार बोटं पाणी टाकून द्या. सगळं पाणी वाचवायला जाऊन तळचा गाळही ओतला जातो, ही नेहमीची चूक आहे.

डोंगरातल्या ओढ्याचं पाणी मऊ असतं आणि त्यात तुरटी कधी कधी नीट काम करत नाही: पाणी तुरट लागतं पण गोळे बनत नाहीत. अशा वेळी आणखी तुरटी घालू नका. पानाला लावायचा चुना हरभऱ्याच्या डाळीएवढा घेऊन वाटीभर पाण्यात कालवून टाका आणि पुन्हा ढवळा. तुरटी नसेल तर शेवग्याची वाळलेली बी चालते. कवच काढून आतला पांढरा गर कुटायचा, लिटरमागे एक बी, थोड्या पाण्यात कालवून गाळून ओतायचं आणि वरच्यासारखंच ढवळून एक-दोन तास ठेवायचं. हे पाणी त्याच दिवशी संपवा, बियांतल्या प्रथिनांमुळे ते लवकर खराब होतं.

निवळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. काविळीचा विषाणू लाखोंनी असला तरी पाणी आरशासारखं दिसू शकतं.

उकळणं

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, त्यामुळे इथं पाणी शंभराला नाही, साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. त्यानं काही बिघडत नाही. पोटाचे जंतू, अमिबा, काविळीचे विषाणू या तापमानाला टिकत नाहीत. मोठे बुडबुडे तळापासून खळखळत वर यायला लागल्यावर एक मिनिट मोजा, पुरे झालं. वीस मिनिटं उकळण्याची गरज नाही. त्यात लाकूड किंवा गॅस जातो, आणि इंधन संपतं म्हणून लोक पुढं उकळणंच सोडून देतात. नुसती वाफ निघणं किंवा कडेला बारीक बुडबुडे दिसणं म्हणजे उकळी नव्हे.

छोट्या गॅस स्टोव्हवर लिटरमागे पंधरा-वीस ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे २३० ग्रॅमच्या डब्यात बारा-पंधरा लिटर पाणी निघेल, वारा असेल तर कमी. चार माणसांच्या दोन दिवसांच्या पाण्याला हे पुरत नाही, तिथं क्लोरीनच सोयीचं. उन्हाळ्यात रानात चूल पेटवू नका. वाळलेल्या पाचोळ्यात एक ठिणगीही पुष्कळ होते.

पाणी झाकूनच गार होऊ द्या. उकळलेल्या पाण्यात जंतूंना अडवणारं काही उरत नाही, एक मळका हात बुडाला की सगळी मेहनत वाया जाते. चव बेचव लागत असेल तर एका स्वच्छ भांड्यातून दुसऱ्यात दोन-चार वेळा उंचावरून ओता, हवा मिसळून चव परत येते.

क्लोरीन : गोळ्या आणि थेंब

प्रवासात सगळ्यात उपयोगी वस्तू हीच, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथंच होतात.

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. काही एका लिटरच्या, काही वीस लिटरच्या. दिसायला सारख्याच. वीस लिटरची गोळी बाटलीत टाकली तर पाणी पिववत नाही, आणि एका लिटरची गोळी कळशीत टाकली तर काहीच होत नाही. पाकीट फाडण्याआधी त्यावरचे लिटर वाचा. गोळी मोडून अर्धी उद्याला ठेवू नका, हवेतल्या दमटपणानं तिचा जोर जातो.

द्रव क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ५ टक्क्यांचं असेल तर स्वच्छ पाण्याला लिटरमागे दोन थेंब, थोडं गढूळ असेल तर चार. बाटलीवर फक्त सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं हवं. सुगंधी किंवा साबण मिसळलेलं फरशीचं ब्लीच पिण्याच्या पाण्यात चालत नाही. पाण्यासाठी म्हणून मिळणाऱ्या छोट्या बाटल्यांतलं द्रावण खूप पातळ असतं, त्याचं प्रमाण लेबलवर दिलेलं असतं तेच पाळा.

बाटलीत औषध टाकल्यावर झाकण लावून हलवा. मग झाकण थोडं सैल करून बाटली उलटी धरा आणि थोडं पाणी आट्यांवरून ओघळू द्या. ओढ्यात बुडवताना बाटलीच्या आट्यांत कच्चं पाणी अडकलेलं असतं आणि पिताना नेमकं तेच आधी ओठाला लागतं. आता घड्याळ लावा: अर्धा तास. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं पाणी बर्फासारखं गार असेल तर तासभर. थंड पाण्यात क्लोरीन सावकाश काम करतं.

अर्ध्या तासानं झाकण उघडून वास घ्या. नळाच्या पाण्यासारखा हलका वास आला पाहिजे. काहीच वास नसेल तर पाण्यातल्या घाणीनं सगळं क्लोरीन खाल्लं. तेवढाच डोस पुन्हा घाला आणि पुन्हा अर्धा तास थांबा. दुसऱ्यांदाही वास आला नाही तर ते पाणी टाकून दुसरं शोधा. लिंबू, कोकम, सरबताची पूड, ओआरएस हे सगळं अर्धा तास झाल्यावरच घालायचं. लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीन मारून टाकतं. ज्योत घेऊन निघालेली मुलं बाटलीत गोळी आणि ग्लुकोजची पूड एकदमच टाकतात. बऱ्याच पुडींत क जीवनसत्त्व असतं, मग गोळी टाकून न टाकल्यासारखीच.

क्लोरीनला एक जंतू दाद देत नाही, क्रिप्टोस्पोरिडियम. तो गुरावासरांच्या शेणातून येतो. जिथं गुरं पाण्यात बसतात त्या डोहाचं पाणी घ्यावंच लागलं तर उकळा, किंवा आधी चांगल्या फिल्टरमधून काढून मग क्लोरीन घाला.

फिल्टर आणि ऊन

पोकळ तंतूंचे छोटे फिल्टर, ज्यांची भोकं ०.१ ते ०.२ मायक्रॉनची असतात, ते जंतू, अमिबा आणि क्रिप्टोस्पोरिडियम अडवतात. काविळीचे विषाणू त्याहून कितीतरी लहान, ते आरपार जातात. म्हणून आपल्याकडे वस्तीच्या खालच्या पाण्याला फिल्टरनंतर क्लोरीनही हवंच. ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, जिवावर बेतते. दिंडीत किंवा यल्लम्माच्या वाटेवर अशी बाई असेल तर तिच्या पाण्याशी तडजोड नको. तांबडं पाणी थेट फिल्टरमध्ये घातलं तर दहा लिटरच्या आत धार बारीक होते. आधी तुरटी, मग कपडा, मग फिल्टर. रोज रात्री सोबतच्या पिचकारीनं स्वच्छ पाणी उलट्या बाजूनं जोरात मारा. घरच्या मेणबत्ती फिल्टरला केसाएवढी चीर पडली तरी तो निकामी. दोन-चार ठेचा खाल्लेली मेणबत्ती बदललेलीच बरी.

ऊन हा फुकटचा उपाय, पण कणकुंबीच्या पावसाळ्यात तो विसरा. बाकीच्या दिवसांत पारदर्शक, चरे न पडलेली, जास्तीत जास्त दोन लिटरची प्लास्टिकची बाटली निवळ पाण्यानं भरून पत्र्यावर आडवी ठेवा. कडक उन्हात सहा तास, अर्धं आभाळ भरलेलं असेल तर लागोपाठ दोन दिवस. हिरव्या-निळ्या बाटल्या आणि वीस लिटरचे जार चालत नाहीत, ऊन तळापर्यंत पोचत नाही.

पूर्वेकडचं पाणी

बैलहोंगल ओलांडून सौंदत्ती, रामदुर्गकडे किंवा चिकोडीहून रायबाग, अथणीकडे निघालात की बोअरचं पाणी जड लागतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, चहाला वेगळीच चव येते. पश्चिमेकडून गेलेल्यांना तिथं पहिल्या दोन दिवसांत जुलाब होतात आणि सगळे म्हणतात पाणी बाधलं. कधी कधी ते जंतूंमुळे नसून सल्फेट आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे असतं. ताप नाही, पोटात मुरडा नाही, पाणी बदलताच थांबतं, अशी त्याची खूण. तरी आधी जंतूच समजून वागा, कारण ती चूक झाली तर महागात पडते.

क्षार, फ्लोराइड, नायट्रेट यांच्यावर गोळी, उकळी, तुरटी, ऊन यांतलं काही चालत नाही. आरओ लागतो, किंवा दुसरं पाणी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले आणि दुसरं पाणी नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, फ्लोराइड १ आणि नाइलाजानं १.५, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, असं दिलेलं आहे. जलजीवन मिशनमधून ग्रामपंचायतींना पाणी तपासण्याच्या पेट्या दिलेल्या आहेत, त्यात नायट्रेट आणि फ्लोराइड जागेवर कळतं. मुक्काम आठवड्याहून जास्त असेल, उदाहरणार्थ ऊसतोडीच्या फडावर, तर पंचायतीत जाऊन फडाजवळच्या बोअरची तपासणी मागून घ्या.

मात्र घाबरून तहानेनं बसू नका. फ्लोराइडनं दात आणि हाडं बिघडतात ती वर्षानुवर्षं पिऊन, दोन दिवसांच्या यात्रेत नाही. अपवाद तान्ह्या बाळांचा. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं दूध पाण्यात कालवून द्यावं लागत असेल तर ऊसपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी वापरू नका. नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, ओठ निळे पडतात. असं पाणी उकळलं तर आणखी वाईट. आरओ केंद्राचं पाणी आणून तेच उकळून गार करून वापरा.

आरओ केंद्राच्या पाण्यात क्लोरीन नसतं. कॅन मळका असेल तर ते घरी पोचेपर्यंत बिघडलेलं असतं.

शंभर माणसांचं पाणी

मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगरावर माणसांचा समुद्र लोटतो. महाप्रसाद, पाणपोई, दिंडीचा तळ इथं ड्रम आणि टँकर येतात, आणि एकाच ड्रममधून शंभर घरांत जुलाब पोचू शकतात. जिम्मा एका माणसाकडे द्या, सगळ्यांनी मिळून बघायचं म्हटलं की कुणीच बघत नाही.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण ३० ते ३३ टक्के क्लोरीन असतं. ओली, ढेकळं झालेली, वास नसलेली पावडर म्हणजे नुसता चुना, ती घेऊ नका. २०० लिटरच्या ड्रमला दीड ते दोन ग्रॅम, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याचा साधारण अर्धा. ५००० लिटरच्या टँकरला पस्तीस-चाळीस ग्रॅम. पावडर थेट ड्रममध्ये टाकू नका. प्लास्टिकच्या मगात थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, नंतर तो मग पाण्यानं भरून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. चुना तळाला बसतो. वरचं निवळ पाणी तेवढं ड्रममध्ये ओता, स्वच्छ काठीनं ढवळा, झाका आणि अर्धा ते एक तास तोटी उघडू देऊ नका. पावडर हाताळताना वारा पाठीकडून येईल असे उभे राहा, ती डोळ्यांना आणि घशाला झोंबते.

मग क्लोरोस्कोपनं, म्हणजे उरलेलं क्लोरीन रंगावरून दाखवणाऱ्या छोट्या संचानं, किंवा ओटीच्या (ऑर्थोटोलिडिनच्या) थेंबांनी बघा. ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याकडे हे असतं. ओटीनं पाणी पिवळसर झालं म्हणजे क्लोरीन उरलेलं आहे. तपासलेलं ते पाणी टाकून द्या. लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरलेलं हवं. दुपारच्या उन्हात उघड्या ड्रममधलं क्लोरीन उडून जातं, म्हणून दर चार तासांनी पुन्हा तपासा.

निळा ड्रम कशाचा होता ते विकणाऱ्याला विचारा. रसायनांचे ड्रम आणि कीटकनाशकाचे कॅन कितीही धुतले तरी पाण्यासाठी नाहीत. रिकामा औषधाचा कॅन पाण्याला वापरणं ही आपल्याकडच्या शेतांवरची फार जुनी आणि फार घातक सवय आहे.

भरून ठेवलेलं पाणी

शुद्ध केलेलं पाणी बिघडतं ते बहुतेक वेळा तांब्या बुडवण्यानं. तांब्या धरलेली बोटं पाण्यात जातात. अरुंद तोंडाची कळशी किंवा तोटीचं भांडं वापरा, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं, आणि ते भांड्यावर टांगून ठेवा, जमिनीवर नको. कॅन आठवड्यातून एकदा मूठभर तांदूळ, साबण आणि थोडं पाणी घालून खळबळून धुवा. मग वीस लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट चार चहाचे चमचे घालून अर्धा तास भरून ठेवा. ते पाणी ओतून टाका, पिऊ नका, आणि कॅन चांगल्या पाण्यानं विसळा. क्लोरीन घातलेलं झाकलेलं पाणी दिवसभर चांगलं राहतं, दुसऱ्या दिवशी नवं करा.

तरीही पाणी बाधलं तर

जुलाब सुरू झाले की पहिल्याच जुलाबापासून ओआरएस सुरू करा, दहाव्याची वाट बघू नका. एक लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटर शुद्ध पाण्यात. ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाकून प्रमाण बिघडवू नका, जास्त खारट झालं तर उलट पाणी ओढलं जातं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. तयार केलेलं चोवीस तासांनी टाकून द्या. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्यानं पाजा. पेज, ताक, मऊ भात चालू ठेवा, अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तोडू नका. लहान मुलांना ओआरएससोबत झिंक चौदा दिवस, सहा महिन्यांवरच्यांना रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्यांना १०.

तांदळाच्या पेजेसारखे पांढरट पातळ जुलाब, शौचात रक्त, सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल सुस्त पडलेलं, यांतलं काहीही दिसलं तर घरगुती उपायांवर वेळ घालवू नका. खाचरातून चालल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं झालं तर डॉक्टरला खाचरातल्या पाण्याचं आवर्जून सांगा, तो उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. १०८ ची रुग्णवाहिका कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे आहे. चंदगड-खानापूरच्या सीमेवर मोबाईल कुठल्या राज्याचा टॉवर पकडेल याचा नेम नसतो, तेव्हा फोन लागताच आधी राज्य आणि तालुका सांगा, मग गाव, मग रुग्णाची हकीकत.